भिवंडीचे सत्तर मोहल्ले आणि एक पोलीस अधिकारी

मंडळी, 'अनुदान' हा शब्द तुम्हाआम्हाला काही नवा नाही. विहिरीला अनुदान, ठिबकला अनुदान, आणि गुरुजींच्या बाबतीत म्हणाल तर शाळेचे अनुदान वेळेवर आले की नाही यावर घरची चूल अवलंबून! पण पोलीस, तुरुंग, न्याय या खात्यांनाही सरकार अनुदान देते, याचा आपण फारसा विचार करीत नाही. आपल्या केंद्र सरकारने राज्यांच्या पोलीस दलांचे आधुनिकीकरण करण्यासाठी १९६९-७० पासून एक योजना चालू केली. त्या पैशातून गाड्या आल्या, बिनतारी यंत्रे आली, हत्यारे आली, इमारती उभ्या राहिल्या. हे सारे हवेच होते. गुन्हेगार मोटारीतून पळणार आणि हवालदार सायकलवरून त्याचा पाठलाग करणार, हे काही बरे नव्हे.

प्रश्न आहे तो पुढचा. गाडी विकत घेता येते, बंदूक विकत घेता येते. शांतता विकत घेता येते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी तुम्हाला फार लांब नेणार नाही. मुंबईपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, आग्रा रोडवर, ठाणे जिल्ह्यात भिवंडी नावाचे गाव आहे. गाव म्हणायची आपली जुनी सवय. आज तिथे महानगरपालिका आहे. त्या गावात १९८८ साली एक पोलीस अधिकारी आले. त्यांच्या कारकिर्दीची ती चार वर्षे आपण आज पाहू.

अगोदर गाव समजून घ्या. भिवंडी हे मागांचे गाव. एखाद्या गल्लीत शिरा, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा असा खडखडाट चालू असतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागते. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून मोमीन विणकर इथे येऊन वसले. तेलंगणातून पद्मशाली आले. कोकणी मुसलमान पूर्वीपासून होतेच. भोवतालच्या खेड्यांतून आगरी, कुणबी, कोळी, आदिवासी. ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा, अशा रीतीने इथले कापड निघत आले. मालक, कारागीर, सूत विकणारा, कापड उचलणारा, टेंपोवाला हे एकाच धर्माचे, असे क्वचितच घडायचे. एकाचा माग बंद पडला की दुसऱ्याच्या घरी त्या दिवशी पैसा नाही.

अशा गावात दंगल होऊ नये असे तुम्ही म्हणाल. पण झाली, आणि एकदा नव्हे, दोनदा झाली.

पहिली १९७० सालची. त्याआधीच्या काही वर्षांत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून कुरबुरी वाढत चालल्या होत्या. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, मशिदीसमोर वाद्ये वाजवायची की नाही, गुलाल कुठे उधळायचा, घोषणा कोणत्या द्यायच्या, असे ते प्रश्न. दोन्हीकडे संघटना उभ्या राहिल्या, दोन्हीकडे भाषणे झाली. ७ मे १९७० रोजी मिरवणूक निघाली. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक आले होते आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हातात लाठ्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दंगल ही शहरातली गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे खेड्यातल्या माणसाला वाटते. त्या दिवशी दगड पडले, मग आगी लागल्या, मग माणसे मेली. भिवंडीची ठिणगी जळगाव आणि महाडला जाऊन पडली. तिन्ही ठिकाणी मिळून दीडशेहून अधिक माणसांचा बळी गेला.

सरकारने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने वर्षानुवर्षे साक्षी घेतल्या आणि अनेक खंडांचा अहवाल दिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो अहवाल अवश्य चाळावा. दंगल आकाशातून पडत नाही, ती महिनोन् महिने शिजत असते आणि शिजतानाचा वास सगळ्यांना येत असतो, हे त्यातून कळते. पोलिसांच्या वागणुकीवरही आयोगाने कठोर ताशेरे ओढले. काही अधिकाऱ्यांनी पक्षपात केला, तपासात एकाच समाजाला धरले, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहून ठेवले.

अहवाल आला आणि कपाटात गेला. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाण्यात आणि मुंबईत पसरली. मृतांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. भिवंडीतल्या अन्सारी बागेत आसऱ्याला आलेली माणसे जिवंत जाळली गेली. त्यात बायका होत्या, मुले होती. याहून जास्त वर्णन मी करीत नाही.

आता १९८८ सालाकडे या. सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी भिवंडीला उपायुक्त म्हणून नेमले गेले. असल्या गावात बदली म्हणजे शिक्षाच, असे कुणालाही वाटले असते. दोन दंगलींच्या राखेवर बसलेले गाव, आणि देशात वारे कसले वाहत होते ते आठवा. १९८९ साली शिलापूजन, १९९० साली रथयात्रा. दर महिन्याला नवे निमित्त होते. अशा वेळी नवा अधिकारी साधारणपणे काय करतो? जादा कुमक मागतो, राखीव पोलिसांच्या तुकड्या मागतो, गाड्या मागतो. म्हणजे पुन्हा पैसा आलाच.

खोपड्यांनी वेगळा विचार केला. शांतता समित्या त्या काळीही होत्या. तुम्ही पाहिल्या असतील. सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात बैठक भरते. गावातले दहावीस पुढारी येतात, चहा होतो, 'आपल्या गावात भाईचारा आहे' असे सांगून सगळे घरी जातात. त्या पुढाऱ्यांतले काही असे, की दंगल झाली तर त्यांचाच फायदा! ज्याच्या घरावर दगड पडणार, ज्याची हातगाडी जळणार, तो माणूस त्या बैठकीत कधी नसतो. तेव्हा पुढाऱ्यांची समिती सोडून द्यावी आणि गल्लीतल्या माणसांची समिती करावी, असे त्यांनी ठरवले.

गावाचे भाग पाडण्यात आले आणि जवळजवळ सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने. माणसे कोण? किराणा दुकानदार, रिक्षावाला, मागावरचा कामगार, शिक्षक, भाजीवाला. ज्याला गल्लीत राहायचे आहे आणि उद्या सकाळी त्याच गल्लीतून कामावर जायचे आहे, असा माणूस. प्रत्येक समितीला एक पोलीस जोडून दिला. त्या भागाची जबाबदारी त्याची. तिथली माणसे त्याने नावानिशी ओळखायची आणि त्यांनी त्याला ओळखायचे.

बैठका नेमाने होत. आता गंमत पाहा. या बैठकांत हिंदू-मुसलमान ऐक्यावर व्याख्याने झोडली जात नसत. बोलणे निघे ते गटाराचे, नळाच्या पाण्याचे, भाडेकरूच्या भांडणाचे, नवराबायकोच्या तंट्याचे, पोरांच्या मारामारीचे. बारीकसारीक गोष्टी! पण विचार करा, मोठी आग कशातून लागते? दोन पोरांची गोट्यांवरून मारामारी होते. एक पोरगा एका धर्माचा असतो, दुसरा दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत गावभर अफवा उठते की अमक्याने तमक्याच्या मुलाला मारून टाकले. ज्या गल्लीत दोन्हीकडची माणसे दर आठपंधरा दिवसांनी एकत्र बसतात, तिथे ती अफवा पहिल्याच घरात अडकते. 'थांबा, मी विचारून येतो,' असे म्हणणारा कुणीतरी असतो आणि ज्याला विचारायचे त्याचे दार त्याला ठाऊक असते.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. हा भाग सांगताना एका विद्यार्थ्याने मला अडवले. "सर, यात मोठे काय झाले? चहा पीत गप्पा तर मारल्या." त्याला मी एवढेच विचारले, "तुझ्या गावच्या पोलीस पाटलाला किती घरांची नावे पाठ आहेत?" तो म्हणाला, "सगळ्या." मग मी म्हटले, "आता शहरात कुणा पोलिसाला तुझ्या चाळीतली किती नावे पाठ आहेत ते सांग." मुलगा गप्प बसला.

खेड्यात ही गोष्ट आपोआप होते, म्हणून तिची किंमत आपल्याला कळत नाही. पूर्वी पाटील असे, जागल्या असे, तंटा मिटवायला गोतसभा बसे. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता. ज्याची जात खालची, त्याला त्या सभेत बोलायची सोय नव्हती. म्हणून ती जशीच्या तशी परत आणायची इच्छा कुणी धरू नये. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून मोकळे केले ते योग्यच झाले. पण त्या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट खरी होती. राखण करणारा आणि राखला जाणारा एकमेकांना ओळखत होते. खोपड्यांनी भिवंडीत ती ओळख पुन्हा निर्माण केली, आणि दोन्ही समाजांना एकाच सतरंजीवर सारख्या मानाने बसवून निर्माण केली.

याला खर्च किती आला? सतरंजी आणि चहा. सरकारी खर्चपत्रकात या कामासाठी वेगळे खाते उघडावे लागले नाही. पोलीस तेच होते, पगार तोच होता. बदलले ते त्यांचे रोजचे काम.

आणि मग परीक्षेचा दिवस आला. ६ डिसेंबर १९९२. अयोध्येला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबरात पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे मुंबईत नऊशे माणसे मेली. सगळ्यांच्या नजरा भिवंडीकडे लागल्या होत्या. मुंबईची ही दशा, तर भिवंडीत काय होणार!

भिवंडीत दंगल झाली नाही.

त्या वेळी खोपडे भिवंडीत नव्हते, त्यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी गुलाबराव पोळ हे अधिकारी आले होते आणि त्यांनी समित्यांचे काम तसेच चालू ठेवले होते. या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. अधिकारी कर्तबगार असला तर त्याच्या काळात गाव शांत राहते, हे आपण पुष्कळदा पाहतो. तो गेल्यावरही गाव शांत राहिले, तर काम केवळ त्याच्या दराऱ्यावर चालले नव्हते असे म्हणावयास हरकत नाही. त्या डिसेंबरात समित्यांची माणसे रात्री गल्ल्यांतून जागली, अफवा जिथल्या तिथे दाबल्या गेल्या.

इतिहासाच्या शिक्षकाने एकाच कारणावर सगळा भार टाकू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १९८४ ची जखम ताजी होती, लोक पोळलेले होते. माग बंद ठेवणे मालकांना परवडणारे नव्हते आणि कामगारांना त्याहून नव्हते. ही कारणे होतीच. पण १९७० नंतरही लोक पोळलेले होते, मागही तेच होते, आणि तरीही १९८४ घडले. मग मधल्या काळात नवे काय झाले? सत्तर समित्या झाल्या. आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शहरांतल्या हिंदू-मुसलमान संबंधांचा मोठा अभ्यास मांडला, त्यात त्यानेही भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली. दोन्ही समाजांची माणसे कामाच्या निमित्ताने एकत्र येत असतील तर शहर तग धरते, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ आहे.

मुंबईही यातून शिकली. दंगलीनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. खोपड्यांनीही पुढे आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. ते विशेष पोलीस महानिरीक्षकाच्या पदापर्यंत चढले. निवृत्तीनंतर २०१४ साली बारामतीतून लोकसभेची निवडणूक लढवून पाहिली, तिथे त्यांना यश आले नाही. पण इतिहासात त्यांचे नाव राहील ते भिवंडीच्या चार वर्षांसाठी.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण इतिहास आपल्या सोयीने थांबत नाही. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत क्वार्टर गेट भागात, कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. समित्यांचे काम तोवर थंडावले होते, असे त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवले. पाहा मंडळी, भांडण कशावरून? पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून. इमारतीला पैसा असतो, नकाशा असतो, ठेकेदार असतो. ती बांधण्यापूर्वी शेजारच्या गल्लीत जाऊन चार वेळा बसायचे, या कामाला मात्र खर्चाचे खाते नसते, आणि म्हणून ते राहून जाते.

हा अनुभव फक्त आपलाच नव्हे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाने १९६८ साली गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी एक स्वतंत्र सरकारी संस्था काढली. राज्यांना आणि शहरांना अनुदान वाटणे हेच तिचे मुख्य काम. तिने अब्जावधी डॉलर वाटले. त्या पैशातून शिक्षण झाले, संशोधन झाले, काही चांगल्या गोष्टीही झाल्या. पण पुष्कळ पैसा यंत्रसामग्रीत गेला, अशी टीका झाली आणि १९८२ साली ती संस्था बंद करावी लागली. पैसा किती वाटला याचा हिशेब ठेवणे सोपे असते. माणसाच्या मनातले भय किती कमी झाले, याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार?

मग सरकारने पैसा देऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. आपल्या महाराष्ट्रात याचा एक वेगळा प्रयोग झाला आणि तो तुमच्याच गावात झाला असेल. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील, ज्यांना आपण सगळे आबा म्हणत असू, ते ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले होते. पुढे गृहमंत्री झाल्यावर १५ ऑगस्ट २००७ पासून त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव योजना सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली आणि तडजोड करता येईल असे फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे, नवे तंटे होऊ द्यायचे नाहीत. जे गाव हे करून दाखवील त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात लाखांच्या घरातले बक्षीस. पैसा आधी नव्हे, काम झाल्यावर. आणि तो कुणा एकाच्या खिशात न जाता गावाच्या कामाला.

कल्पना उत्तम होती. अनेक गावांत बांधाची, पाटाच्या पाण्याची, वाटणीची जुनी भांडणे खरोखर मिटली. पण इथेही जपून राहावे लागते. बक्षिसाकडे डोळा ठेवून कागदावर तंटे मिटवता येतात. दुबळ्या माणसाला चारचौघांत बसवून 'घे मिटवून' म्हणून दडपता येते. बाईवर अत्याचार झाला किंवा जातीवरून कुणाचा छळ झाला, तर ते प्रकरण गावाने मिटवायचे नसते, ते पोलीस ठाण्यात आणि कोर्टातच गेले पाहिजे. अशा वेळी गावाची अब्रू सांभाळायची म्हणून न्याय बुडवणे हे पापच. गुरुजी, तुमच्या गावच्या समितीत तुम्हाला बोलावले असेल, तर या एका गोष्टीवर तुम्ही अडून बसा, हे माझे हात जोडून सांगणे आहे.

तात्पर्य काय? पैसा हा बियाण्यासारखा आहे. नांगरट झालेली असेल तर उगवतो, नाहीतर पाखरे टिपतात. भिवंडीत नांगरट झाली ती दर आठपंधरा दिवसांच्या बैठकीने, आणि बैठक थांबली तसे तण माजले. एकदा नांगरले म्हणून जमीन कायमची तयार राहत नाही, हे तुम्हा शेतकऱ्यांना मी काय सांगावे!

तेव्हा एक करा. पुढचा सण यायच्या आधी, भांडण नसताना, तुमच्या गल्लीतल्या, वाडीतल्या, वस्तीवरच्या त्या घरी जाऊन या, जिथे तुम्ही वर्षभरात एकदाही गेला नाहीत. त्या घरचा चहा घ्या. भिवंडीच्या सत्तर मोहल्ल्यांत सुरुवात एवढ्यानेच झाली होती.